घरातल्या झाडांवरची कीड: ओळखायची कशी, काढायची कशी

आमच्या होयाच्या वेलाला कीड लागली आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते तळपायाला. खिडकीखालची एकच फरशी चिकट लागायची. मुलांनी सरबत सांडलं असेल म्हणून पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकट. तिसऱ्या दिवशी तिथे मुंग्यांची रांग दिसली आणि ती भिंतीवरून वर, गजाला टांगलेल्या होयाच्या कुंडीत जात होती. वेल खाली उतरवून पानं उलटी केली, तर प्रत्येक पेराच्या बेचक्यात कापसाचे ठिपके. वरच्या पानांवर वार्निश मारल्यासारखी चकाकी.

त्या दिवशी नीमतेल मारलं. ठिपके दिसेनासे झाले म्हणून थांबले. तीन आठवड्यांनी तेवढेच ठिपके परत आले, शिवाय शेजारच्या क्रोटनवर आणि जेडवरही. पूर्ण साफ व्हायला अडीच महिने लागले आणि दोन झाडं गेली. औषध बरोबर होतं, पण मी ते एकदाच मारलं होतं. ही एक गोष्ट आधी समजली असती तर ती दोन्ही झाडं वाचली असती, म्हणून हा लेख इतका सविस्तर लिहिते आहे.

घरातल्या झाडाची अडचण बाहेरच्या झाडापेक्षा वेगळी असते. बाहेर पाऊस पानं धुतो, वारा कीड उडवतो, ढालकिडे (लेडीबग) आणि बारीक गांधीलमाश्या ती खातात. २००८ साली तमिळनाडूत कोइमतूरला पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, सापडला आणि बघता बघता तो महाराष्ट्रापर्यंत पसरला. पपई, तुती, जास्वंद, काही सोडलं नाही. फवारण्यांनी तो हटेना. २०१० मध्ये त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी माश्या बाहेरून आणून सोडल्या, तेव्हा तो आटोक्यात आला. आपल्या दिवाणखान्यात पाऊसही नाही आणि त्या माश्याही नाहीत. त्यांचं काम आपल्याच हातांनी आणि ठरलेल्या दिवशी करावं लागतं.

आधी झाड वेगळं करा, मग बघा

संशय आला की पहिलं काम म्हणजे कुंडी उचलून बाकीच्या झाडांपासून दूर ठेवणं. दुसरी खोली नसेल तर बाथरूमच्या खिडकीत ठेवा, पण पानाला पान लागता कामा नये. किडीची नुकती जन्मलेली पिल्लं चालत दुसऱ्या झाडावर जातात, आपल्या हातांवरून आणि कात्रीवरूनही जातात. म्हणून पाणी घालतानाही आजारी झाड शेवटी घ्या आणि नंतर हात धुवा.

बघायला तीन वस्तू पुरतात: मोबाइलचा टॉर्च, एखादं दहा-पट भिंग आणि एक पांढरा कागद. पानाच्या वरच्या बाजूला फारसं काही नसतं. पान उलटं करा, मधल्या शिरेच्या कडेने बघा, पान खोडाला मिळतं ती बेचकी बघा, कोवळा शेंडा बघा. कुंडीची कड आणि खालची भोकंसुद्धा बघायची, कारण पिठ्या ढेकूण तिथे लपून बसतो.

कोण आहे ते ओळखा

*पिठ्या ढेकूण.* सगळे याला मिलीबगच म्हणतात. घरातल्या झाडांचा हा सगळ्यात चिवट शत्रू, म्हणून याच्याबद्दल जास्त लिहिते. कापसासारखं जे दिसतं ते त्याच्या अंगावरचं मेण. त्या मेणामुळे पाणी त्याच्यावरून ओघळून जातं आणि साधी फवारणी आतपर्यंत पोहोचत नाही. मादी कापसाच्या पुंजक्यात शेकड्यांनी अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्लं पिवळसर, टाचणीच्या टोकाएवढी असतात आणि त्यांच्या अंगावर अजून मेण नसतं. मारायची ती याच वयात. आज अंडी असलेली पिल्लं आठवड्याभरात बाहेर येतात, म्हणून एकदा केलेली फवारणी कधीच पुरत नाही. होया, जेड, क्रोटन, अडेनियम, अग्लोनिमा आणि जास्वंद ही याची आवडती झाडं.

ग्रिलमध्ये किंवा गॅलरीत झाडं असतील तर एक सावधगिरी घ्या. मिलीबगच्या घोळक्यात कधी कधी एक बराच मोठा, लांब पांढऱ्या झुपक्यांचा आणि भराभर चालणारा किडा दिसतो. तो क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते. मिलीबग हेच तिचं अन्न. हा किडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला गेला आणि इथलाच झाला. मिलीबग सुस्त असतो, ही अळी धावते, एवढ्यावरून फरक कळतो. ती दिसली तर त्या झाडावर काहीही फवारू नका.

*खवले कीड.* खोडावर किंवा पानाच्या शिरेवर तपकिरी, चपटे, टिकलीसारखे फुगवटे दिसतात. ते जागचे हलत नाहीत, त्यामुळे झाडाचाच भाग वाटतात. नखाने खरवडून बघा, सुटून आलं तर कीड. रबर प्लांट, शेफ्लेरा आणि पामवर नेहमी असते.

*मावा.* कोवळ्या शेंड्यावर हिरव्या, काळ्या किंवा पिवळ्या बारीक किड्यांची दाटी. थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत जास्त. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लंच जन्माला घालते, म्हणून चार दिवसांत शेंडा भरून जातो. पण मेण नसल्यामुळे काढायला हीच कीड सगळ्यात सोपी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मं काम होतं.

*लाल कोळी.* हा कीटक नाही, आठ पायांचा कोळी आहे आणि ते लक्षात ठेवण्याला कारण आहे. कीटकनाशक म्हणून विकली जाणारी बरीचशी औषधं याच्यावर चालत नाहीत. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधानंतर तर तो वाढल्याचंही दिसतं. पानावर रवा भुरभुरल्यासारखे फिके ठिपके पडतात, पान निस्तेज होतं, पुढे बेचक्यांत बारीक जाळं दिसतं. पांढरा कागद इथे वापरायचा: पानाखाली धरा, पानाला टिचकी मारा आणि कागदावर पडलेल्या कणांकडे अर्धा मिनिट बघा. कण चालायला लागले तर कोळी. मार्च ते मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि एसीच्या झोताखालच्या अरेका पामवर तो हमखास येतो.

*फुलकिडे* पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे टिंब ठेवून जातात. कोवळी पानं वेडीवाकडी निघतात, मिरचीचा चुरडा-मुरडा पाहिलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. *पांढरी माशी* पान हलवलं की राख उडाल्यासारखी उडते.

राहिली ती *कुंडीतली चिलटं.* ही पावसाळ्यात आणि कोकोपीटच्या सतत ओल्या कुंड्यांत होतात. ती पानांना काही करत नाहीत. त्यांच्या अळ्या मातीत बुरशी आणि कोवळ्या मुळ्या खातात. मोठ्या झाडाला फारसा त्रास नाही, रोपांना आहे. त्यांचं पुढे सांगते.

चिकट फरशी, मुंग्या आणि पानांवर काळा थर ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर रस शोषणारी कीड नक्की. ती गोड चिकटा टाकते आणि चिकट्यावर काळी बुरशी वाढते. विदर्भातले संत्रा बागायतदार हिलाच कोळशी म्हणतात. ही बुरशी ओल्या फडक्याने पुसली जाते, पण कीड गेल्याशिवाय थांबत नाही.

पहिला दिवस: कापणं, टिपणं, धुणं

औषधाच्या आधी हे करायचं. मेहनतीचं काम हेच आहे आणि सगळ्यात जास्त फरकही यानेच पडतो.

सगळ्यात खराब फांद्या आणि पानं कापा आणि थेट पिशवीत टाका. पिशवी बांधून कचऱ्यात द्या. घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका.

मिलीबग आणि खवल्यांसाठी मेडिकलच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट आणा. इअरबड त्यात बुडवून प्रत्येक ठिपक्यावर टेकवायचा. पांढरा कापूस डोळ्यांदेखत विरघळतो आणि खालचा किडा तपकिरी-नारिंगी होतो. रंग बदलला म्हणजे स्पिरिट आतपर्यंत पोहोचलं. बेचकीत इअरबड जात नसेल तर जुना मऊ टूथब्रश घ्या. स्पिरिट झाडभर फवारू नका, पानं करपतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि समई, निरांजन, गॅस यांच्याजवळ हे काम करू नका, कारण स्पिरिट लगेच पेट घेतं. फार मऊ किंवा लव असलेल्या पानावर आधी एका ठिकाणी लावून दुसऱ्या दिवशी बघा.

मग धुणं. कुंडीवर प्लास्टिकची पिशवी चढवून खोडाभोवती सैल बांधा, म्हणजे माती सांडत नाही आणि निसटलेली कीड मातीत पडत नाही. झाड बाथरूममध्ये आडवं धरा. पानाच्या मागे तळहात द्या आणि हँड शॉवरने खालच्या बाजूवर पाणी मारा. एकेका पानाला पाच-सहा सेकंद. मावा आणि लाल कोळी यातच बरेचसे वाहून जातात. मोठ्या पानांच्या झाडांना (रबर प्लांट, मोन्स्टेरा) दोन ओली फडकी घेऊन पान दोन्ही बाजूंनी पुसलेलं जास्त चांगलं. एक फडकं एका झाडालाच वापरा.

फवारणी: काय, किती, कशी

घरात मी दोनच गोष्टी वापरते, साबणाचं पाणी आणि नीमतेल.

साबण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर मोडतो आणि तो सुकून मरतो. पण साबण ओला असेपर्यंतच काम करतो. पान वाळलं की परिणाम संपला, मागून आलेल्या किड्याला काही होत नाही. म्हणजे तो प्रत्येक किड्याला प्रत्यक्ष लागला पाहिजे. बागकामाचा पोटॅशियम साबण मिळाला तर उत्तम, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घ्या. नाही तर रंग-वासाचा नसलेला सौम्य लिक्विड सोप, १ लिटर पाण्याला ५ मिली म्हणजे एक चहाचा चमचा. भांड्यांचा जेल तिखट असतो. तोच घ्यायचा झाला तर निम्मा घ्या आणि दोन तासांनी झाड साध्या पाण्याने धुवा. कपड्यांची पावडर मुळीच नको. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं त्यांना साबण फेस धरत नाही हे माहीतच आहे. असं पाणी साबण वाया घालवतं, म्हणून फवारणीपुरतं फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या.

नीमतेल वेगळ्या तऱ्हेने चालतं. त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्याची भूक मारतं आणि त्याला कात टाकू देत नाही. म्हणून आज फवारलं आणि उद्या किडे जिवंत दिसले तरी औषध फुकट गेलं असं समजू नका. साधं घाण्याचं नीमतेल असेल तर १ लिटर कोमट पाण्याला ५ मिली. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी कपात तेल आणि १-२ मिली साबण एकत्र घोटा. ते ताकासारखं पांढरं झालं की पाणी घाला. साबणाऐवजी रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचं पाणीही चालतं. तेल वर तरंगताना दिसलं तर फवारू नका, तेच पानं जाळतं. बाटलीवर १०,००० पीपीएम वगैरे लिहिलेलं औषध असेल तर ते तीव्र असतं, त्याचं प्रमाण लेबलवरचंच घ्या. थंडीत नीमतेल तुपासारखं थिजतं, बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की सुटतं. तयार पाणी त्याच दिवशी संपवा, उद्यापर्यंत त्याचा जोर राहत नाही.

पहिल्यांदा फवारताना दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा. फर्न, मऊ लव असलेली झाडं आणि पानांवर पांढरी साय असलेले सक्युलंट यांना साबण-तेल सोसत नाही. त्यांच्यासाठी इअरबड आणि पाणीच बरं. फवारणी संध्याकाळी, झाड सावलीत आणि माती ओली असताना करा. सुकलेल्या झाडावर फवारलं तर ते करपतं. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर नासतं, म्हणूनही संध्याकाळच बरी. नळी खालून वर धरून पानाची खालची बाजू आधी भिजवा, थेंब गळेपर्यंत. फिशटँक असेल तर झाकून ठेवा, नीमतेल माशांना वाईट. तुळस, कढीपत्ता, पुदिन्यावर मारलं असेल तर आठवडाभर तोडू नका आणि नंतर धुऊन वापरा.

तारखा पाळा

माझ्या पहिल्या वेळच्या फवारणीत हेच राहिलं होतं. आता कुंडीच्या कडेला मास्किंग टेप लावून तारखा लिहिते.

मिलीबग आणि खवल्यांसाठी पहिला दिवस, मग सहावा, अकरावा, सोळावा आणि एकविसावा. प्रत्येक वेळी आधी इअरबड, मग फवारणी. एक वेळ साबण, पुढच्या वेळी नीम असं आलटून पालटून करते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी झाडावर काहीच दिसत नाही आणि नेमका तेव्हाच कंटाळा येतो. अंडी फुटून पिल्लं बाहेर येण्याचे दिवस तेच असतात, त्यामुळे ती फवारणी चुकवायची नाही.

लाल कोळ्याची पिढी कडक उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांत तयार होते, म्हणून दर तीन-चार दिवसांनी पानांच्या खालच्या बाजू धुवायच्या, चार-पाच वेळा. झाड एसीच्या झोतातून आणि पश्चिमेच्या खिडकीतून हलवा. माव्याला पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा पुरतात. पांढऱ्या माशीला साबणासोबत पिवळा चिकट सापळा लावा, फुलकिड्यांना निळा. सापळ्याने उडणारे किडे पकडले जातात आणि कमी होत आहेत की वाढत आहेत तेही मोजता येतं. पण फक्त सापळ्याने कीड संपत नाही.

शेवटचा किडा दिसल्यापासून पूर्ण एक महिना झाड वेगळंच ठेवायचं.

मुंग्या

मुंग्या चिकट्यासाठी मिलीबग आणि मावा सांभाळतात आणि त्यांना खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. रांग तोडल्याशिवाय बाकीचं काम टिकत नाही. पूर्वी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तीच युक्ती करा: कुंडी एका उलट्या वाटीवर आणि ती वाटी पाण्याच्या ताटलीत. पाण्यात साबणाचा थेंब टाका आणि ते दर तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर डासांची पैदास होते. टांगलेल्या कुंडीच्या हुकाला पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावा.

मातीतली कीड

चिलटांचं मूळ जास्तीच्या पाण्यात असतं. बटाट्याची चकती मातीवर ठेवा. दोन दिवसांनी उचलली की खाली काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसतात. वरची दीड-दोन इंच माती पूर्ण सुकेपर्यंत पाणी बंद. स्नेक प्लांट, झेडझेड, मनीप्लांट हे सहज सोसतात. पीस लिलीसारख्या झाडाला खालून ताटलीत पाणी द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. वर अर्धा इंच कोरडी वाळू आणि शेजारी पिवळा सापळा. एका पिढीला तीन-चार आठवडे लागतात, तेवढे दिवस धीर धरा. तरी हटली नाहीत तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू पाण्यातून द्या. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच हा. निंबोळी पेंड मातीत मिसळा, वर पसरू नका. ओल्या पेंडीवर बुरशी येते आणि चिलटं आणखी वाढतात.

पानांवर काहीही नाही, पाणी-ऊन व्यवस्थित आहे आणि तरी झाड खंगतं आहे, असं असेल तर ते कुंडीतून काढून बघा. मुळ्यांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पिठासारखा पांढरा थर असेल तर तो मुळांवरचा मिलीबग. सगळी माती झटकून मुळ्या नळाखाली धुवा, कुजलेल्या कापा, कुंडी साबणाने घासून उन्हात वाळवा आणि नवीन मातीत लावा. जुनी माती टाकवत नसेल तर ओली करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून एप्रिल-मेच्या कडक उन्हात चार-सहा आठवडे गच्चीवर ठेवा.

हे करू नका

डास-झुरळांचे स्प्रे झाडावर मारू नका, त्यातल्या द्रावकाने पानं जळतात. तंबाखूचं पाणी अजूनही सर्रास सुचवलं जातं. निकोटीन हे जहाल विष आहे, शिवाय त्यातून टोमॅटो, मिरची, पेटुनियाला मोझॅक विषाणू लागू शकतो. दालचिनी, हळद, कॉफी यांनी जमलेला मिलीबग गेलेला मी पाहिलेला नाही आणि त्यात जाणारे दिवस किडीच्या पथ्यावर पडतात.

शेतीची रासायनिक औषधं बंद खोलीत वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या शेतात. एका क्रोटनसाठी ते विष लहान मूल झोपतं त्या खोलीत आणायचं कारण नाही. साबण-नीमच्या पाच फेऱ्यांनंतरही झाड भरलेलंच असेल तर एखादी स्वच्छ फांदी धुऊन पाण्यात लावा आणि मूळ झाड टाकून द्या. माझा क्रोटन मी असाच टाकला, त्याच्या फांदीचं झाड आज दोन फूट आहे.

आणखी एक: कीड असताना खत देऊ नका. नत्राने लुसलुशीत फुटवा येतो आणि मावा-मिलीबगला तोच हवा असतो.

नवीन झाड आणताना

घरात येणारी बहुतेक कीड नर्सरीतूनच येते. जून-जुलैत रोपं घ्यायला जाल तेव्हा फुलं बघण्याआधी तीन पानं उलटी करा, एक वरचं, एक मधलं, एक अगदी खालचं. बेचकी बघा, कुंडीच्या भोकांतून डोकावा. झाड चकाकतं आहे पण बोटाला चिकट लागतं, तर घेऊ नका. शेजारच्या झाडावर मिलीबग असेल तरी घेऊ नका, कारण तो याच्यावरही पोहोचलेला असतो.

घरी आणल्यावर पानं धुवा आणि ते पंधरा दिवस बाकी झाडांपासून लांब ठेवा. आठव्या आणि पंधराव्या दिवशी भिंगाने बघा. मैत्रिणीने दिलेल्या कटिंगलाही हाच नियम लावा, माझ्या होयावरचा मिलीबग अशाच एका कटिंगवरून आला होता.